पन्नास वर्षं शांत झोपणारे तात्या आता रात्री का उठतात?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. अशाच परिस्थितीतली आणखी घरं हे वाचतील, म्हणून तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडते.

तुमचे वडील तात्या, वय ७७. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, शिपाई होते. १९७१ च्या युद्धात, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. १९८५ साली पेन्शनीवर आले, नंतर बँकेत गार्ड म्हणून नोकरी केली, शेती केली. युद्धाबद्दल घरात कधी बोलले नाहीत. दीड वर्षापूर्वी आई गेल्या. तेव्हापासून तात्या रात्री दोन-अडीचला उठतात, बूट घालतात, नाड्या बांधतात, अंधारातच घरातली माणसं बोटांवर मोजतात आणि "एक कमी आहे" म्हणतात. मग दाराशी बसून राहतात. तात्यांचे वडील, म्हणजे तुमचे आजोबा, जर्मनच्या लढाईत उत्तर आफ्रिकेतल्या टोब्रुकला कैद झाले होते. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत फडक्यात बांधलेले वाळलेल्या भाकरीचे तुकडे सापडले. तुमचे तीन प्रश्न आहेत. हे इतक्या वर्षांनी आत्ताच का? तुमच्या मुलाला आजोबांची मुलाखत मोबाईलवर रेकॉर्ड करायची आहे, ती करू द्यावी का? आणि भावाचं पिणं, तुमचं रात्री तीन-तीनदा कडी तपासणं, हे सगळं तिथूनच आलंय का?

मी मानसोपचाराची डॉक्टर आहे. सव्वीस वर्षं सातारा-सांगलीकडच्या माणसांवर उपचार करते, आणि या भागात उपचार करायचे म्हणजे फौजी माणूस आणि त्याचं घर रोज समोर येतंच. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जण एकट्या पहिल्या महायुद्धात कामी आले. मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात, कुत-अल-अमारा इथे २९ एप्रिल १९१६ ला जे सैन्य उपासमारीने शरण गेलं, त्यात मराठा पलटणी होत्या. इथल्या कित्येक घरांत लढाई चौथ्या पिढीपर्यंत आलेली आहे. तेव्हा तुमच्या घरात काही जगावेगळं चाललंय असं समजू नका.

पहिल्या प्रश्नातच एक गृहीत आहे, ते आधी काढून टाकू. तात्या पन्नास वर्षं शांत झोपत होते, असं तुम्ही लिहिलंय. ते झोपत होते की त्यांना कुणी झोपवत होतं? पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की आई कायम दाराच्या बाजूला झोपायची, दिवाळीत तात्यांना चार दिवस मळ्यातल्या खोपीवर पाठवायची, आणि त्यांना उठवायचं झालं तर पायाचा अंगठा हलवायची, खांद्याला कधी हात लावायची नाही. ताई, हा सगळा उपचारच होता. असं कर म्हणून आईंना कुणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत एखाद्या रात्री खांद्याला हात लावला असेल आणि तात्यांचा हात सपकन गळ्याशी आला असेल, त्यातून त्या शिकल्या असतील. अशा बायका मी शेकड्याने पाहिल्या आहेत. नवऱ्याच्या झोपेवर त्या आयुष्यभर पहारा देतात आणि मुलांना त्याचा पत्ताही लागू देत नाहीत. आई गेल्या आणि पहारा उठला. आजार नवा नाही, फक्त आता तो तुम्हाला दिसायला लागलाय.

त्याला आणखी कारणं जोडली जातात. नोकरी आणि शेती होती तोवर अंग थकून झोप लागायची. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहणं तर त्यांच्या सावधपणाला साजेसं काम, तिथे त्या सवयीला शाबासकी मिळायची. आता हात रिकामे आहेत. बरोबरचे एकेक करून जाताहेत. वयाबरोबर कालचं विसरतं आणि जुनं वर येतं, हेही आहेच. आणि २०२५ च्या मे महिन्यात टीव्हीवर दिवसरात्र जे भोंगे वाजत होते, त्यानंतरच्या दोन महिन्यांत माझ्याकडे आलेल्या म्हाताऱ्या फौजींची संख्या मला अजून आठवते. त्यातले निम्मे पहिल्यांदाच दवाखान्याची पायरी चढत होते. निवृत्तीनंतर, जोडीदार गेल्यावर युद्धाच्या आठवणी नव्याने उसळतात, हे जगभरच्या माजी सैनिकांमध्ये दिसून आलेलं आहे. तात्यांचं डोकं फिरलेलं नाही. हे वाक्य भावाला मोठ्याने वाचून दाखवा.

आता जमालपूर. ही माहिती तात्यांकडून काढायची नाही, ती तुमच्याकडे आधीपासून असावी म्हणून सांगते. डिसेंबर १९७१ मध्ये ब्रह्मपुत्रेकाठच्या जमालपूर गावात पाकिस्तानची ३१ बलुच पलटण वेढ्यात सापडली होती. आपले ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी एका स्थानिक माणसाच्या हाती शरण येण्याचं पत्र पाठवलं. तिकडचे लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी नकाराच्या पत्रात बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर दिलं. हा किस्सा फौजेत सगळे सांगतात, तात्यांनीही कधीतरी सांगितला असेल, कारण तो सांगता येण्यासारखा आहे. त्यानंतरची रात्र सांगता येण्यासारखी नाही. १० डिसेंबरच्या रात्री ते सैन्य अंधारात वेढा फोडून दक्षिणेला टांगाइलच्या रस्त्याने निघालं आणि तो रस्ता अडवून बसलेल्या जंगी पलटणीच्या मोर्च्यांवर येऊन आदळलं. रात्रभर अगदी जवळून लढाई झाली. उजाडलं तेव्हा समोर शत्रूची दोनशेहून अधिक माणसं मरून पडली होती. पलटणीला जमालपूरचा युद्धसन्मान मिळाला. तात्या तेव्हा बावीस वर्षांचे होते.

बावीस वर्षांच्या पोरानं त्या सकाळी काय पाहिलं, हे तुम्ही कल्पनेनं रंगवू नका आणि विचारूही नका. एवढंच लक्षात ठेवा, की जिंकलेल्या लढाईचाही मार बसतो. आपल्याकडे मिरवणूक निघते, छातीवर 'पूर्वी स्टार' हे पदक लागतं, गावात फेटा बांधतात. ज्याचा सत्कार झालाय त्यानं "मला झोप येत नाही" हे कुणाला सांगायचं? हरलेल्याला निदान रडायची मुभा असते.

तुमच्या आजोबांना तीही नव्हती. मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन टोब्रुकच्या वेढ्यात पूर्वेकडच्या फळीवर होती. २० जून १९४२ च्या पहाटे जर्मन सेनापती रोमेलच्या विमानांनी आणि रणगाड्यांनी पहिला घाव तिच्यावरच घातला आणि दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं. आधी आफ्रिकेतल्या छावण्यांतली उपासमार, मग इटली. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रं ठेवल्यावर काही जण निसटले, बाकीचे जर्मनांच्या हाती गेले. फ्रान्समध्ये एपिनाल इथे भारतीय कैद्यांची मोठी छावणी होती. ११ मे १९४४ ला मित्रराष्ट्रांच्याच विमानांचे बॉम्ब तिच्यावर पडले, भिंती फुटल्या, आणि त्या गोंधळात शेकडो भारतीय चालत चालत स्वित्झर्लंडमध्ये पोचले. आजोबा यातल्या कुठल्या वाटेनं परत आले ते कागदच सांगतील. बेळगावच्या मराठा रेकॉर्ड ऑफिसला आर्मी नंबर, नाव आणि गाव देऊन लिहा. जिनिव्हाच्या रेड क्रॉसकडेही दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांच्या नोंदी आहेत, त्यांच्याकडे रीतसर अर्ज करता येतो. युरोपातल्या कैद्यांमधून सुभाषबाबूंच्या सैन्यात काही जण गेले होते, म्हणून परत आलेल्यांची चौकशी व्हायची, तू गेला होतास का, कोण कोण गेलं. अशा चौकश्यांतून सुटलेला माणूस गावी येऊन गप्पच बसतो.

भाकरीचे ते तुकडे टाकले नसतील तर टाकू नका.

आता पुढच्या दहा दिवसांत काय करायचं ते. एक वही घ्या आणि रोज सकाळी तीन गोष्टी लिहा: किती वाजता उठले, तुम्हाला ओळखलं का, आणि सकाळी त्यांना रात्रीचं आठवत होतं का. या तीन नोंदींवर डॉक्टरचा निम्मा विचार उभा राहतो. कारण म्हातारपणी रात्री उठण्याला चार वेगळी कारणं असतात आणि वरून ती सारखीच दिसतात. एक, युद्धाची स्वप्नं आणि त्यातून येणारी पूर्ण जाग. दोन, झोपेतच हातपाय मारणं, ओरडणं. स्वप्न पडत असताना शरीर एरवी सैल पडलेलं असतं. काही वयस्कर माणसांत ते सैल पडत नाही आणि स्वप्नातली मारामारी पलंगावर उतरते. पुढे पार्किन्सनसारखा आजार येण्याची ती आगाऊ सूचना असू शकते, म्हणून ती ओळखणं महत्त्वाचं. पण बुटाच्या नाड्या नीट बांधणं हे झोपेतलं काम नव्हे, त्यामुळे तात्यांचं हे वाटत नाही. तीन, स्मृतिभ्रंशाची सुरुवात. यात रात्री गोंधळ वाढतो, आपलंच घर परकं वाटतं. आणि चार, साधं प्रोस्टेट. लघवीला जाग येते, अंधार असतो, शेजारचा पलंग रिकामा असतो, आणि मग डोकं जुन्या वाटेला लागतं. शेवटच्या कारणानं आलेले आणि महिनाभर झोपेच्या गोळ्या खाल्लेले किती तरी जण मी पाहिलेत.

कानही तपासून घ्या. रायफल आणि तोफांच्या आवाजानं जुन्या फौजींचे कान गेलेले असतात आणि ते कबूल करत नाहीत. ज्याला मागून येणारं माणूस ऐकू येत नाही, तो दचकणारच. एका सुभेदारांना श्रवणयंत्र बसवलं आणि त्यांचं भिंतीला पाठ लावून बसणं निम्म्यावर आलं. एवढ्या साध्या गोष्टीनं फरक पडतो.

रात्री ते उठले की मोठा दिवा एकदम लावू नका. मागून जाऊ नका. समोर, चार हात लांब उभं राहून रोजच्या आवाजात सांगा, "तात्या, मी आहे, आपण घरी आहोत, आज मंगळवार." अंगठा हलवायची आईची पद्धत चालू ठेवा. "एक कमी आहे" म्हणाले तर "कुणी कमी नाही, झोपा" असं म्हणू नका. कमी आहेच. आई नाहीत. आणखी कुणी असेल तर ते त्यांनाच माहीत. "हो तात्या, एक कमी आहे," एवढं म्हणून शेजारी बसा. चहा केलात तरी चालेल. हा सल्ला ऐकून लोकांना वाटतं की यानं भ्रम वाढेल. तो वाढत नाही. उलट आपलं म्हणणं कुणी खोडून काढत नाहीये हे कळलं की माणूस लवकर भानावर येतो.

घरात परवान्याची बंदूक आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. बँकेच्या गार्डांकडे बहुतेक वेळा असते. असेल तर ती याच आठवड्यात घराबाहेर जमा व्हायला हवी. हे भावावर सोडू नका आणि तात्यांपासून लपवूही नका. "माझ्या जिवाला घोर लागतो, काही दिवस जमा करूया," असं सरळ सांगा. उशाशी कोयता ठेवत असतील तर तोही काढा. आणि "जगणं नको वाटतं का?" हे त्यांना स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, असेल तर बाहेर येतो. उत्तर हो आलं तर त्या दिवशी त्यांना एकटं ठेवू नका आणि लगेच दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

औषधांचं फार लांबवत नाही, कारण ती तपासल्याशिवाय ठरत नाहीत. पण दुकानातून आणलेली अल्प्राझोलामची गोळी नको. या वयात तिनं तोल जातो, गोंधळ वाढतो, आणि वर कँटीनची रम असेल तर श्वासावरच येतं. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन दिलं जातं. २०१८ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत त्याचा सरासरी फायदा दिसला नाही. मला काही रुग्णांत दिसतो, पण उभं राहताना रक्तदाब घसरतो म्हणून तात्यांच्या वयाला मी ते हात राखूनच देते. सर्ट्रालिनसारखी औषधं चालतात, त्यांना काही आठवडे लागतात. आणि औषधाइतकाच बोलण्याच्या उपचारांचा आधार आहे, जिथे प्रशिक्षित माणूस आठवड्याला एकदा, ठरलेल्या क्रमानं, त्या रात्रीपर्यंत नेतो आणि परत आणतो. तात्यांचं ईसीएचएस कार्ड, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड, असेलच. त्या योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन मानसोपचाराचं रेफरल मागा. "झोपेची तक्रार" म्हणून मागितलंत तरी चालेल, तात्या त्या शब्दाला तयार होतील.

आता मुलाखत. इथे माझीच एक चूक सांगते. नवीन असताना एका हवालदारांना मी पहिल्याच भेटीत, सुनेच्या समोर विचारलं, "तिथे नेमकं काय झालं?" मला वाटायचं बोललं की मोकळं वाटतं. त्यांनी दहा मिनिटं सांगितलं. थरथरत होते. मी समाधानानं लिहून घेत होते. ते पुन्हा कधी आले नाहीत. सुनेकडून कळलं की त्या रात्रीपासून ते गोठ्यात झोपायला लागले. घडून गेलेलं एकाच बैठकीत उकरून काढल्यानं फायदा होत नाही, काहींचं बिघडतं, हे मला पुस्तकात नंतर सापडलं. त्यांच्याकडून ते आधी कळलं होतं.

तेव्हापासून मी "काय झालं" विचारत नाही. आर्मी नंबर विचारते. ऐंशीच्या म्हाताऱ्याला सकाळी काय जेवलो ते आठवत नाही, पण नंबर तो ताठ बसून एका दमात सांगतो. मग बुटांबद्दल विचारते. कुठल्या कंपनीत होता, लंगरमध्ये काय असायचं, पहिल्या पगाराचं काय केलं, रजेवर येताना रेल्वेत जागा मिळायची का. एक जण तीन भेटी फक्त खेचरांबद्दल बोलले. कुठलं खेचर चावायचं, कुठलं चढावर बसकण मारायचं. चौथ्या भेटीत त्याच वाटेवर ज्याचा पाय गेला त्याचं नाव आलं. मी काही विचारलं नव्हतं.

तुमच्या मुलाला सांगा, पहिला महिना मोबाईल खिशात. आजोबांबरोबर ट्रंक उघडायची, फौजेतून सुटताना मिळालेलं डिस्चार्ज बुक बघायचं, मेडलांना ब्रासो लावायचं. हात कामात असले की नजर नजरेला भिडवावी लागत नाही, आणि या माणसांना तेच सोपं जातं. तात्या स्वतः "लिहून घे" म्हणाले तर लिहावं. रेकॉर्ड करायचं तर त्यांच्या समोर बटण दाबावं, आणि बंद कधी करायचं ते त्यांनी ठरवावं. "तुम्ही किती मारले?" हा प्रश्न पोरं विचारतात. तो विचारायचा नाही, कधीच. आणि बोलणं झाल्यावर लगेच झोपायला पाठवू नका. रात्री नऊनंतर हा विषयच नको. सकाळी, चहानंतर.

त्यांनी काहीच सांगितलं नाही तरी तो त्यांचा हक्क आहे. झोप सुधारणं हा उपचार आहे, हकीकत मिळणं ही तुमची इच्छा आहे. इच्छा चांगली आहे, पण ती उपचाराच्या पुढे धावायला नको. हे मी तुम्हाला जरा कडक लिहितेय, कारण पत्रात झोपेपेक्षा मुलाखतीबद्दल जास्त ओळी आहेत.

तिसरा प्रश्न. आघात जनुकांतून पुढच्या पिढीत उतरतो, असं तुम्ही कुठेतरी वाचलंय. संशोधन चालू आहे, माणसांच्या बाबतीत ठाम काही म्हणावं असं अजून हाती नाही. घरात उतरतं ते मला रोज दिसतं, आणि ते सवयींतून उतरतं. आजोबांच्या घरात ताटात घास टाकला की मार बसायचा, असं तुम्ही लिहिलंय. तात्या त्या ताटावर वाढले. मग तात्यांच्या घरात मोठा आवाज चालायचा नाही, दार आपटायचं नाही, संध्याकाळी सातच्या आत सगळे घरात. तुम्ही ते शिकलात आणि आता कडी तीनदा तपासता. कारण कुणी सांगितलं नाही, नियम मात्र सगळ्यांनी पाळला. पोरांना न सांगितलेली भीती जास्त लागते, कारण ती कशाची आहे हे त्यांना कळत नाही. जमालपूरची ती पाच-सहा वाक्यं मुलाला सांगा. कडी तपासावीशी वाटेल तेव्हा एकदा तपासा आणि स्वतःशी म्हणा, हा तात्यांचा पहारा आहे. महिन्याभरात फरक पडला नाही तर तुम्हीही दाखवायला या.

भावाचं मात्र वेगळं धरा. त्याला स्वतःचा उपचार हवा, आणि "आमच्या घरात लढाईच होती" हे त्याच्या बाटलीचं कारण म्हणून मी मान्य करणार नाही. तात्यांचं बरं झालं की त्याचं आपोआप सुटेल, या आशेवर राहू नका.

पहिल्या भेटीला तात्यांबरोबर तुम्ही या. वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि डिस्चार्ज बुक आणा. त्यांना बूट घालून येऊ द्या. खोलीत माझ्याकडे दाराकडे तोंड असलेली एक खुर्ची आहे, ती मी त्यांच्यासाठी मोकळी ठेवीन.